बसून चालवायच्या मोवरची पाती फिरत नाहीत: विजेच्या बाजूचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत किंवा कॅनडात अर्ध्या एकराच्या, म्हणजे आपल्या हिशेबाने वीस गुंठ्यांच्या पुढचं आवार असलं की बसून चालवायचा मोवर, म्हणजे गवत कापायचं यंत्र, घ्यावाच लागतो. इंजिन झक्क चालू होतं, गाडी पुढे-मागे जाते, पण नॉब ओढल्यावर खालची पाती ढिम्म हलत नाहीत. दुकानदार म्हणतो ‘क्लच गेला’, आणि दीडशे-दोनशे डॉलरचा भुर्दंड समोर दिसायला लागतो. या पानाचा रोख एकाच गोष्टीवर आहे: क्लचला दोष देण्याआधी क्लचपर्यंत वीज पोचते का ते मोजा. क्लच खरोखर बाद होतातही, पण काळा पडलेला कनेक्टर, सीटखालचा गंजलेला स्विच आणि मरत आलेली बॅटरी यांची पापं त्याच्या माथी मारली जाताना जास्त दिसतात.

नॉब ओढला की आत नेमकं काय होतं?

इंजिनाच्या खाली, क्रँकशाफ्टच्या (इंजिनाच्या फिरत्या दांड्याच्या) टोकाला एक जाडजूड चकती असते. तोच विजेवरचा क्लच. त्याच्या पोटात तांब्याच्या तारेची कॉइल असते. बॅटरीचे बारा व्होल्ट फ्यूज, चावीचा स्विच आणि नॉबचा स्विच (यालाच पीटीओ स्विच म्हणतात) अशा वाटेने तिथे येतात. कॉइलचा लोहचुंबक होतो, तो लोखंडी प्लेट खेचून फिरत्या भागाला चिकटवतो आणि बेल्टची पुली फिरायला लागते. नॉब दाबला की चुंबक जातो, स्प्रिंगा प्लेट मागे ओढतात आणि ती ब्रेकवर जाऊन टेकते. पाती काही सेकंदांत थांबतात ती या ब्रेकमुळे, म्हणून याचं पूर्ण नाव क्लच-ब्रेक.

कंपनी जॉन डिअर असो, हस्कवर्ना असो की कब कॅडेट, तत्त्व हेच. क्लच बहुधा वॉर्नर किंवा ओगुरा यांचा असतो. फरक पडतो तो वायरिंगमध्ये: कुठे नॉबचा स्विच थेट क्लचला वीज देतो, कुठे मध्ये रिले (विजेने चालणारा स्विच) असतो, कुठे छोटं इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल. म्हणून आपल्या मॉडेलचा वायरिंगचा नकाशा आधी मिळवा. मॉडेल नंबर बहुतेक वेळा सीटखालच्या स्टिकरवर सापडतो.

माझ्या मशीनला नॉब नाही, लिव्हर आहे. मग?

मग तुमच्याकडे विजेवरचा क्लच नाही. लिव्हर केबल ओढते आणि केबल बेल्ट ताणते. पाती फिरत नसतील तर केबल, स्प्रिंग आणि बेल्ट बघा. लिव्हरखाली एक छोटा स्विच मात्र असतो. लिव्हर वर केल्याबरोबर इंजिन बंद पडत असेल तर त्या बाबतीतला खालचा प्रश्न तुमच्याही कामाचा आहे.

हात घालण्याआधी काय काळजी घ्यायची?

सपाट जागा, हँडब्रेक ओढलेला, चावी काढून खिशात. डेकखाली (पात्यांवरच्या पत्र्याच्या झाकणाखाली) हात जाणार असेल तर स्पार्क प्लगची वायर काढून बाजूला करा. इंजिनाला दोन सिलिंडर असतील तर दोन्ही. बॅटरी सोडवायची असेल तर आधी निगेटिव्ह काढा, जोडताना ती शेवटी जोडा. खाली दिलेली बहुतेक मोजमापं इंजिन बंद ठेवून, फक्त चावी ऑन करून होतात. फिरत्या बेल्टजवळ मल्टिमीटरच्या (व्होल्ट-ओहम मोजायच्या मीटरच्या) वायरी घेऊन वाकायची काहीच गरज नाही.

नॉब ओढला, काहीच झालं नाही. सुरुवात कुठून करू?

कानापासून. बहुतेक मशीनवर इंजिन बंद, चावी ऑन, एक जण सीटवर, अशा स्थितीत नॉब ओढला की खालून ‘खट्’ असा स्पष्ट आवाज येतो. ती प्लेट चिकटल्याची खूण. खणखणीत आवाज आला तर वीज पोचते आहे, कॉइलही जिवंत आहे. मग बेल्ट निसटलाय का, तुटलाय का ते बघा. आवाज नाहीच, किंवा मेल्यासारखा ‘टुक्’ आला, तर विजेच्या मागे लागा. चावी ऑन ठेवून फार वेळ बसू नका, बॅटरी उतरते.

त्यानंतर फ्यूज. काढून डोळ्यांनी बघितला की भागतं असं वाटतं, पण केसाएवढी चीर दिसत नाही, मीटर लावा. फ्यूज बसतो त्या खाचेतल्या पत्र्याच्या पट्ट्याही बघा, तिथे गंज धरतो.

फ्यूज शाबूत असेल तर सरळ क्लचवर जा. क्लचमधून दोन वायरी बाहेर येतात आणि वीतभर अंतरावर एक प्लास्टिकचा कनेक्टर असतो. तो न सोडवता, मागच्या बाजूने मल्टिमीटरच्या टोकदार पिना वायरींच्या खाचेत सरकवा. सीटवर माणूस, चावी ऑन, नॉब वर. आता आकडा वाचा.

बॅटरीवर जेवढं व्होल्टेज आहे त्यापेक्षा इथे फार तर एक व्होल्ट कमी आणि तरी खट् नाही: दोष क्लचकडे. शून्य: मागे कुठेतरी वाट तुटली आहे. आठ-नऊ व्होल्ट: वाट आहे, पण खराब आहे. शोध कुठल्या बाजूला करायचा हे एवढ्या एका मोजमापात कळतं, आणि नेमकं हेच न करता लोक नवा क्लच मागवतात.

मी कनेक्टर सोडवून मोजलं, पूर्ण बारा व्होल्ट आले. तरी क्लच ओढत नाही. मग क्लचच गेला ना?

इथेच पैसे वाया जातात. मल्टिमीटर स्वतः जवळजवळ काहीच करंट ओढत नाही. गंजून दहातले नऊ पदर तुटलेल्या वायरीतूनही तो आरामात बारा व्होल्ट दाखवेल. क्लचला लागतात साधारण चार अँपिअर. तेवढे त्या उरलेल्या एका पदरातून जायला लागले की व्होल्टेज तिथेच खर्च होतं आणि कॉइलच्या वाट्याला उरतंसुरतं येतं. चुंबकाची ओढ तर करंटच्या साधारण वर्गाच्या प्रमाणात बदलते. बाराच्या जागी नऊ व्होल्ट आले तर करंट पाऊणपट होतो, पण ओढ जवळजवळ निम्म्यावर येते. म्हणून कनेक्टर जोडलेला असताना, भार चालू असताना मोजायचं.

व्होल्टेज कुठे गळतंय ते शोधायची रीत सोपी आहे. नॉब वरच ठेवा. मीटरची काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि लाल पिन क्लचच्या अर्थच्या वायरीवर. इथे ०.२-०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थ खराब: चेसिसला जिथे बोल्टने घट्ट केलंय तिथला रंग-गंज काचपेपरने खरवडून काढा. अर्थ ठीक असेल तर लाल पिन बॅटरीच्या पॉझिटिव्हवर ठेवून काळी पिन क्लचच्या पॉझिटिव्ह वायरीपासून मागे मागे सरकवत न्या: कनेक्टर, नॉबच्या स्विचचं एक टोक, दुसरं टोक, चावीचा स्विच, फ्यूज. जिथे आकडा एकदम उडी मारून कमी होतो, त्या आणि आधीच्या जागेच्या मध्ये चोर आहे.

बहुतेकदा तो कनेक्टरच असतो. क्लच खाली, गवताच्या ओल्या चुऱ्यात असतो. कनेक्टर उघडून पितळी पिना बघा: हिरवट पूड म्हणजे पाण्याने खाल्लं आहे, आणि पिनेभोवतीचं पांढरं प्लास्टिक तपकिरी होऊन वितळलेलं दिसलं तर ती पिन सैल होऊन कित्येक दिवस तापत होती. हिरवट पूड साफ होते. वितळलेला कनेक्टर साफ करून उपयोग नाही, कापून नवा लावा.

मल्टिमीटर नाही. काही करता येईल?

येईल, आणि एका बाबतीत ते मीटरपेक्षा बरंच आहे. मोटारीच्या हेडलाइटचा बारा व्होल्ट, ५५ वॉटचा बल्ब घ्या. तो साधारण साडेचार अँपिअर ओढतो, म्हणजे क्लचएवढाच. त्याला दोन वायरी लावा आणि क्लचचा कनेक्टर सोडवून हार्नेसच्या (मशीनच्या वायरिंगच्या) बाजूला जोडा. नॉब ओढल्यावर बल्ब लख्ख पेटला तर वायरिंग चांगलं, क्लच संशयित. मंद पिवळा पेटला तर वाटेत अडथळा. काचेला हात लावू नका, भलतीच तापते.

कॉइल जळली की नाही कसं ओळखायचं?

कनेक्टर सोडवा, मीटर ओहमवर लावा, क्लचच्या दोन वायरींमध्ये मोजा. घरगुती मोवरच्या बऱ्याच क्लचमध्ये हा आकडा २ ते ४ ओहमच्या दरम्यान असतो. तुमच्या क्लचचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये मिळेल. स्वस्त मीटरच्या पिना एकमेकींना टेकवल्या तरी ०.३-०.४ ओहम दाखवतो, तेवढे वजा करा. इतक्या छोट्या मापात तो फरक मोठा ठरतो.

मीटर काहीच दाखवत नसेल तर कॉइल किंवा तिची वायर तुटली. एका ओहमच्या खाली असेल तर आत शॉर्ट. शिवाय एक पिन वायरीला आणि दुसरी क्लचच्या लोखंडी अंगाला लावा; दोन वायरींच्या क्लचमध्ये इथे काहीही जोड दिसता कामा नये. मोजताना वायरी हलवत राहा. क्लचमध्ये शिरते तिथेच वायर आतून तुटलेली असते आणि बाहेरचं प्लास्टिक धडधाकट दिसतं. असं झालं असेल तर क्लचला स्वतःभोवती फिरू न देणारी पट्टी किंवा खुंटी जागेवर आहे का बघा. ती नसली की कॉइलचा भाग शाफ्टबरोबर फिरायचा प्रयत्न करतो आणि वायरींना हिसका बसतो. नवा क्लच लावून ही पट्टी तशीच मोडकी ठेवली तर नव्याच्याही वायरी तुटणार.

नॉब ओढला की इंजिनच बंद पडतं. हे काय?

आधी बंद कसं पडतं ते बघा, कारण त्यातच उत्तर आहे.

दिवा मालवल्यासारखं झटक्यात बंद पडत असेल तर सुरक्षेच्या सर्किटने इग्निशन तोडलंय. यंत्राचा नियम असा: पाती चालू आणि सीट रिकामी, तर इंजिन बंद. तुम्ही सीटवर बसलेले आहात, पण सीटखालच्या स्विचला ते कळत नाहीये. नॉब खाली असताना, हँडब्रेक लावलेला असताना सीटची चौकशीच होत नाही, म्हणून तोवर इंजिन मजेत चालतं. सीट उचलून बघा: कनेक्टर निघालाय का, स्विचचं बटण गंजून अडकलंय का, सीटची स्प्रिंग बसलीये का. हलक्या वजनाच्या माणसाच्या बाबतीत सीट पुरेशी दबतच नाही, असंही होतं. थोडं पुढे-मागे सरकून फरक पडतो का पाहा. उन्हाळाभर बाहेर ठेवलेल्या मशीनची सीट फाटलेली असेल तर पाणी थेट या स्विचवरच ठिबकतं.

धापा टाकत, दोन-चार सेकंदांत मरत असेल तर गोष्ट निराळी. अनेक कार्ब्युरेटरला पेट्रोल तोडणारा सोलेनॉइड (विजेवर उघडणारी झडप) असतो, तोही बारा व्होल्टवर उघडा राहतो. बॅटरी आणि चार्जिंग कमजोर असेल तर क्लचने चार अँपिअर ओढल्याबरोबर व्होल्टेज पडतं, सोलेनॉइड मिटतो आणि इंजिन उपाशी मरतं. क्लच आणि सोलेनॉइड एकाच फ्यूजवर असतील आणि तो फ्यूज उडाला तरी लक्षण हेच.

तिसरं, घरघरत, दाबाखाली गुदमरून बंद पडणं. ते विजेचं नाही, पात्याचं बेअरिंग अडकलेलं आहे. पातं हाताने फिरवून बघताना (जाड हातमोजे, प्लगची वायर काढलेली) आधी बेल्ट क्लचच्या पुलीवरून उतरवा. नॉब खाली असताना ब्रेक पुलीला धरून ठेवतो, त्यामुळे चांगलं पातंही जड लागतं आणि लोक उगाच बेअरिंग बदलत बसतात.

रिव्हर्स घेतला की बंद पडतं, पुढे जाताना ठीक.

हा बिघाड नाही. मागे लहान मूल असू शकतं म्हणून पाती चालू असताना रिव्हर्समध्ये ही मशीनं बंद पडतात किंवा पाती थांबवतात. जॉन डिअरवर त्यासाठी वेगळं बटण किंवा चावीची वेगळी जागा असते, हस्कवर्नावरही चावीची वेगळी जागा. मॅन्युअल बघा. पुढे जातानाही मध्येच बंद पडायला लागलं तर रिव्हर्सचा स्विच अडकलाय.

फ्यूज लावला की उडतो.

क्लचचा कनेक्टर सोडवा, तेवढ्याच अँपिअरचा नवा फ्यूज लावा, नॉब ओढा. टिकला तर शॉर्ट क्लचमध्ये किंवा त्याच्या वायरीत. उडाला तर शॉर्ट कनेक्टरच्या अलीकडे. त्या बाजूला पहिल्यांदा सायलेन्सरजवळून जाणारी वायर बघा, वितळून चेसिसला टेकलेली असते. मग पुलीला घासणारी. मग हिवाळ्यात गॅरेजमध्ये उभं असताना उंदरांनी कुरतडलेली. इंजिनाच्या झाकणाखाली वाळल्या गवताचं घरटं सापडलं तर शंकाच नको. काही हार्नेसमध्ये कॉइलला समांतर एक डायोड असतो, नॉब बंद करताना कॉइलमधून उसळणारा झटका गिळायला. तो शॉर्ट झाला तरी फ्यूज उडतो. फ्यूजच्या जागी चमकी कागद किंवा मोठा फ्यूज लावायचा नाही. मग फ्यूजऐवजी वायरिंग जळतं, आणि ते पेट्रोलच्या टाकीजवळून गेलेलं असतं.

पहिला अर्धा तास छान चालतं, मग पाती फिरायची थांबतात. थंड झालं की पुन्हा चालू.

सगळ्यात छळणारा दोष, कारण तपासायला घ्यावं तोवर मशीन थंड होऊन शहाण्यासारखं वागायला लागतं. त्यामुळे पाती थांबल्याबरोबर तिथेच, लॉनवरच, इंजिन बंद करून लगेच मोजायचं.

तांबं तापलं की त्याचा रोध वाढतो, दर अंश सेल्सिअसला साधारण ०.४ टक्के. वीस अंशांवर ३ ओहम असलेली कॉइल शंभर अंशांवर जवळजवळ ४ ओहम होते. करंट चारवरून तीनवर येतो. चांगल्या क्लचला ते चालतं, एवढं गृहीत धरूनच तो बनवलेला असतो. पण प्लेट झिजून तिच्या आणि फिरत्या भागाच्या मधली गॅप वाढलेली असेल तर कमी झालेली ओढ पुरत नाही आणि प्लेट सुटते. बऱ्याच क्लचमध्ये ही गॅप ०.०१२ ते ०.०१५ इंच, म्हणजे ०.३० ते ०.३८ मिलिमीटर ठेवायची असते. क्लचच्या कडेला तीन खिडक्या आणि तीन नट दिसतात का बघा. दिसले तर फिलर गेज (ठरावीक जाडीच्या पट्ट्यांचं माप) घालून तिन्हीकडे सारखी गॅप करा, एकेक नट थोडा थोडा फिरवत. नट नसतील तर तो क्लच ॲडजस्ट होत नाही.

गॅप ठीक असेल तर चार्जिंग बघा. इंजिन बंद असताना भरलेल्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास असतं. थ्रॉटल पूर्ण ठेवल्यावर ते साडेतेरा ते साडेचौदाच्या दरम्यान जायला हवं. वाढतच नसेल तर बॅटरी चार्ज करणारा स्टेटर किंवा रेग्युलेटर काम करत नाही. क्लच बॅटरीच्या जिवावर चालतोय आणि बॅटरी उतरली की सुटतोय. आदल्या रात्री चार्जर लावला की मशीन ‘आपोआप बरं’ होतं, हे त्याचं पक्कं लक्षण.

नॉबचा स्विच कसा तपासायचा?

डॅशच्या आतून दोन कानांसारख्या पट्ट्या दाबल्या की तो बाहेर येतो. मागे सहा-आठ पिना असतात, कारण तो एकाच वेळी अनेक कामं करतो: एक जोडी क्लचला वीज देते, दुसरी नॉब वर असताना स्टार्टर लागू देत नाही, तिसरी सीटच्या सर्किटमध्ये असते. नॉब वर-खाली केल्यावर काही जोड्या जुळायला आणि काही सुटायला हव्यात. कोणत्या, ते नकाशावर. कुठल्या पिनेजवळ प्लास्टिक काळं झालं असेल तर मोजत बसू नका, बदला. क्लचच्या मानाने तो फार स्वस्त असतो.

सीटचा स्विच डायरेक्ट करून टाकू का? सतत कटकट आहे.

दोष शोधण्यापुरतं, इंजिन बंद असताना, जंपर (तात्पुरती जोडवायर) लावून बघितलं तर समजू शकतो. तेही नकाशा पाहून: काही सीट स्विच दाबल्यावर जोडणारे असतात, काही सोडणारे, काहींना चार पिना असतात आणि चुकीच्या दोन जोडल्या तर नवाच शॉर्ट तयार होतो. कायमचं डायरेक्ट करू नका. उतारावर मशीन कलंडलं किंवा फांदीने तुम्हाला सीटवरून ढकललं, तर पाती थांबवणारं तेवढंच एक बटण आहे. मशीन शेजाऱ्याला दिलं किंवा विकलं तर त्याला हे माहीतही नसणार.

क्लच खरंच बदलायचा झाला. घरी जमेल?

हत्यारं असतील तर जमेल. बेल्ट उतरवा, कनेक्टर सोडवा, क्रँकशाफ्टच्या टोकाचा मधला बोल्ट काढा. तो घट्ट असतो आणि शाफ्ट बरोबर फिरतो, म्हणून इम्पॅक्ट गन लागते. क्लच गंजून शाफ्टला धरून बसला असेल तर गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर ठेवा. हातोड्याने ठोकाल तर क्रँकशाफ्ट वाकण्याची भीती. नवा बसवताना शाफ्ट साफ करून अँटी-सीझ ग्रीस लावा, शाफ्टवरच्या लोखंडी पाचरीची (की) खाच जुळवा, बोल्ट टॉर्क रेंचने मॅन्युअलमधल्या आकड्याएवढाच आवळा. फिरू न देणारी पट्टी क्लचच्या खाचेत नुसती अडकलेली असावी, बोल्टने करकचून बांधू नका. थोडी हालचाल राहिली नाही तर बेअरिंग जातं.

मग गवतात जायच्या आधी मॅन्युअलमध्ये दिल्याप्रमाणे क्लच मोकळ्यावर बरेचदा चालू-बंद करून घ्या, म्हणजे नवे पृष्ठभाग एकमेकांशी जुळतात. एरवीसुद्धा गुडघाभर ओल्या गवतात उभं राहून नॉब ओढू नये. मोकळ्या जागी, इंजिन मध्यम वेगावर ठेवून ओढावा, पाती फिरायला लागली की थ्रॉटल पूर्ण करावा.

भारतात, मैदानावर किंवा कॅम्पसमध्ये असं मशीन आहे. कोणाला बोलवायचं?

मोवरचा मेकॅनिक जवळ नसेल तर ट्रॅक्टरचं किंवा मोटारींचं वायरिंग करणारा चांगला ऑटो इलेक्ट्रिशियन पुरेसा आहे. बारा व्होल्ट डीसी, रिले, स्विच, अर्थ, त्याच्या रोजच्या कामातलं आहे. फक्त त्याला आधी सांगा की सीट आणि रिव्हर्सचे स्विच मुद्दाम दिलेले आहेत. नाहीतर पहिल्या दहा मिनिटांत तो सगळं डायरेक्ट करून ‘झालं साहेब’ म्हणेल. मोठ्या मैदानांवरच्या रील मोवरचं मात्र वेगळं. त्यातल्या अनेकांत पाती हायड्रॉलिक मोटरींवर फिरतात आणि विजेचा क्लच नसतोच. तिथे नॉब एका व्हॉल्व्हच्या सोलेनॉइडला वीज देतो. कॉइलच ती, भार चालू ठेवूनच मोजायची. ओहमचा आकडा मात्र त्या मशीनच्या मॅन्युअलमधून घ्या, क्लचचा तिथे लागू होत नाही.